ऐकू येणारा उजेड: एका जाग्या उंदराचं प्रकरण

आलेखात एक उंचवटा होता आणि तो नको त्या जागी होता. उंदराच्या मिशांवर हवेची फुंकर बसायच्या दोन-अडीच सेकंद आधीच त्याच्या मेंदूतलं रक्त वाढायला लागत होतं. फुंकर नंतर, रक्त आधी. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण चारही उंदरांत, रोज, हेच दिसत होतं.

माझी भाची मे महिन्यात हर्णैला आजोळी आली ती हा आलेख घेऊन. ती एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. प्रकाश आणि अल्ट्रासाउंड (आपल्याला ऐकू न येणारा उंच पट्टीचा ध्वनी) एकत्र वापरून जाग्या उंदरांच्या मेंदूची चित्रं घेणं हे तिचं काम. मी दापोली तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मेंदूतलं मला फारसं कळत नाही, पण प्रकाश आणि ध्वनी हे माझे रोजचे धडे. तिच्या संमतीनेच हे प्रकरण लिहितो आहे. प्रयोगशाळेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही चूक कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत होऊ शकली असती.

उजेड आत, आवाज बाहेर

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तळहाताला टेकवून बघा. हात लालभडक उजळतो, पण आतलं हाड दिसत नाही. प्रकाश हाताच्या आरपार येतो, मात्र वाट चुकत, पेशीपेशीवर आपटत येतो. तो कुठून आला हे बाहेर आल्यावर सांगता येत नाही. सोलकढीसाठी काढलेल्या नारळाच्या रसात बोट बुडवलं की असंच होतं. पेला उजळतो, बोट हरवतं. शरीरात साधारण एक मिलिमीटरच्या पुढे प्रकाश असा विस्कटतो. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला मेंदूचा वरचा पापुद्राच दिसतो.

आवाजाचं तसं नसतं. शरीरात अल्ट्रासाउंड प्रकाशापेक्षा शेकडो पटींनी कमी विस्कटतो. आमच्या बंदरातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, हे सांगावं लागत नाही. पहिल्या पावसानंतर पाणी इतकं गढूळ होतं की हातभर खालचं दिसत नाही, पण ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या फिश फाइंडरला तळही दिसतो आणि मासळीचा थवाही. आठ वाव पाणी म्हणजे साधारण पंधरा मीटर. पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड हजार मीटर धावतो, म्हणजे तळाला आपटून परत यायला त्याला एक सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली सांगतं.

पण फिश फाइंडरला रंग कळत नाही. बांगडा आहे की तारली, हे तांडेल थव्याच्या आकारावरून आणि अनुभवावरून ओळखतो. मेंदूतही अल्ट्रासाउंडची अडचण हीच. डॉपलरने, म्हणजे वाहत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनीच्या बदललेल्या पट्टीवरून, रक्त किती वेगाने आणि किती प्रमाणात वाहतंय हे कळतं, पण त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे कळत नाही. ते रक्ताचा रंग सांगतो, आणि रंग बघायला प्रकाशच लागतो.

म्हणून दोघांची जोडी. लेसरची काही नॅनोसेकंदांची एक ठिणगी डोक्यावर सोडायची. प्रकाश विस्कटत विस्कटत आत जातो आणि हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. रक्तवाहिनी तेवढ्यापुरती गरम होते, एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ऐकायला हे काहीच नाही. पण एवढ्याशा उष्णतेने रक्त फुगतं आणि एक हजारांश अंशामागे सुमारे ८०० पास्कल दाब तयार होतो. त्या दाबाची लाट अल्ट्रासाउंड बनून बाहेर पडते आणि डोक्यावर टेकवलेला प्रोब ती ऐकतो. प्रकाश जाताना कितीही भरकटला तरी चालतं, कारण बाहेर येणारा ध्वनी जवळपास सरळ येतो. उंदराच्या मेंदूत सहा मिलिमीटर खोलवरून निघालेली लाट चार मायक्रोसेकंदांत वर पोचते. इथे प्रतिध्वनी नसतो, एकाच बाजूचा प्रवास.

आता लेसरचा रंग बदलायचा. ७५० नॅनोमीटरला ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश शोषतं, ८५० ला ऑक्सिजनने भरलेलं. दोन्हींचे आवाज ताडून बघितले की रक्तातला ऑक्सिजन निघतो. शिवाय त्याच प्रोबने मधल्या वेळात नेहमीच्या सोनोग्राफीसारखं डॉपलर करून प्रवाहही मोजता येतो. प्रवाह आणि ऑक्सिजन दोन्ही हाताशी आले की मेंदूचा तो भाग किती ऑक्सिजन खर्च करतोय याचा हिशेब मांडता येतो. एकट्या प्रकाशाने किंवा एकट्या ध्वनीने तो हिशेब पुरा होत नाही.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथला रक्तप्रवाह वाढतो, हे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. २००३ मध्ये लिहाँग वांग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीतल्या रॅट या मोठ्या प्राण्याची कवटी न उघडता, मिशा हलवल्यावर मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते या प्रकाशध्वनी पद्धतीने दाखवलं. २०११ मध्ये पॅरिसच्या मिकाएल टॅन्टर यांच्या गटाने नुसत्या अतिवेगवान डॉपलरने तसंच काम केलं. पण हे सुरुवातीचे प्राणी भुलीखाली होते.

जागा कशाला हवा?

आईने हाच प्रश्न विचारला. "झोपलेला असला तर त्याला त्रास तरी कमी, नाही का गो?"

भाचीने आजीला नीट समजावलं. मेंदूच्या प्रयोगात भूल हा मोठा अडथळा असतो. आयसोफ्लुरेन हे नेहमीचं भुलीचं औषध रक्तवाहिन्या रुंद करतं. आधीच सैल पडलेली वाहिनी मेंदूने हाक मारली तर आणखी किती रुंद होणार? प्रतिसाद मंद होतो, उशिरा येतो. लक्ष देणं, वाट बघणं, घाबरणं, ओळखणं ही मेंदूची खरी कामं तर भुलीखाली बघताच येत नाहीत. त्रासाबद्दल म्हणाल तर जाग्या उंदरावर घाई करून चालतच नाही. आधी भूल देऊन डोक्यावर एक हलकी पट्टी दाताच्या सिमेंटने बसवतात आणि जखम भरू देतात. मग रोज थोडा थोडा वेळ त्याला हातावर खेळवतात, पट्टी धरून हवेवर तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या चेंडूवर उभं करतात, कंडेन्स्ड मिल्कचा थेंब देतात. डोकं स्थिर, पाय मोकळे. उंदीर हवं तेव्हा धावतो, हवं तेव्हा थांबतो. पंचवीस ग्रॅमच्या जिवाला या सगळ्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तो घाबरलेला असेल तर आकडे भीतीचे येतात, मिशांचे नाही. त्यामुळे इथे त्याची काळजी घेणं आणि विज्ञान नीट करणं या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. मला हे फार पटलं.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध देता ना त्याला, मग ठीक."

काय काय तपासून झालं होतं

भाचीचा प्रयोग सरळ होता. डाव्या मिशांवर फुंकर मारायची आणि मेंदूच्या उजव्या बाजूचा मिशांचा भाग बघायचा. भुलीखाली तो छान उजळत होता, फुंकरीनंतर सेकंदाभराने, फक्त उजवीकडे. तोच उंदीर जागेपणी मात्र फुंकरीच्या आधीच दोन्ही बाजूंना उजळायचा, आणि मग फुंकरीचा प्रतिसाद त्या उंचवट्यावर चढून बसायचा.

येण्याआधी तिने बरंच तपासलं होतं. उंदीर हलतोय म्हणून चित्र हलतंय का? नाही, हललेली चित्रं वगळली तरी उंचवटा तसाच. त्याला लेसरचा उजेड दिसतोय का? या तरंगलांबीचा प्रकाश उंदराला जवळजवळ दिसत नाही, तरी डोळ्यांना आडोसा केला. फरक नाही. प्रोब आणि डोकं यांच्यामधली जेल जाग्या उंदराच्या धावपळीत सुकते आणि मग आकडे भरकटतात, तेही बघून झालं.

आणि सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे दोन्ही यंत्रं एकच सांगत होती. प्रकाशध्वनीत रक्त वाढत होतं, डॉपलरमध्ये प्रवाह वाढत होता. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी मापनं एकाच सुरात बोलतात तेव्हा माणूस विश्वास ठेवतो. तिनेही ठेवला. तिच्या मार्गदर्शकांना तर वाटू लागलं होतं की उंदीर फुंकरीची वाट बघायला शिकला असावा आणि हा उंचवटा म्हणजे ती वाट बघणंच. कल्पना मोहक होती. प्रत्येक फुंकर बरोबर तीस सेकंदांनी येत होती, त्यामुळे अशक्यही नव्हती.

"लेसरचा आवाज येतो का?" मी विचारलं.

"येतो ना मामा, टकटक करतो तो, सेकंदाला वीसदा. पण दिवसभर चालूच असतो. फुंकरीच्या आधी चार सेकंद फक्त लेसरसमोरचा पडदा उघडतो, म्हणजे डोक्यावर उगाच जास्त प्रकाश पडायला नको. आवाजात काही फरक नाही, आम्ही तिथेच बसलेले असतो."

त्यावर मला काही सुचलं नाही. तो विषय तिथेच राहिला.

लोणच्याची बरणी

दर मे महिन्यात मी गावातल्या मुलांना जमवून चार दिवस काही ना काही प्रयोग करतो. यंदा ठरवलं होतं बेलचा प्रयोग. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्याने १८८० मध्ये उन्हाचा झोत फिरत्या चकतीने तोडून तोडून वस्तूंवर टाकला आणि वस्तू गुणगुणायला लागल्या. कुठली वस्तू मोठ्याने गाते हे शोधता शोधता त्याला दिव्याची काजळी सापडली. फोटोअकॉस्टिक परिणाम म्हणतात तो हाच. भाचीच्या महागड्या यंत्राचा खापरपणजोबा.

काचेची लोणच्याची रिकामी बरणी घेतली. आत एका अंगाने समईची काजळी धरली, दुसरं अंग स्वच्छ ठेवलं. झाकणाला भोक पाडून त्यात जुन्या स्टेथोस्कोपची रबरी नळी बसवली आणि फट मेणाने बुजवली. पुठ्ठ्याच्या चकतीला वीस खाचा पाडून ती खेळण्यातल्या मोटरवर चढवली. चकती सेकंदाला पंचवीस फेरे मारते, म्हणजे उजेड सेकंदाला पाचशे वेळा तुटतो. अंगणात आरसा लावून मेमधलं अकराचं ऊन चकतीतून बरणीवर सोडलं. मोटरची घरघर कानात येऊ नये म्हणून चकती पडवीच्या त्या टोकाला, आणि नळीचं टोक माजघरात.

मुलं एकेक करून नळ्या कानात घालत होती. पहिल्यांदा कुणालाच विश्वास बसत नाही. "सर, बरणीत माशी आहे." मग मी आरशापुढे हात धरतो, आवाज बंद. हात काढतो, आवाज सुरू. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघायला मी दर वर्षी हा खटाटोप करायला तयार आहे.

भाची सगळ्यात शेवटी बसली. मी आरसा झाकला, उघडला. मग मुलांना दाखवायचं म्हणून काजळीची बरणी काढून तिच्या जागी दुसरी कोरी बरणी ठेवली. चकती फिरतेय, ऊन पडतंय, आवाज नाही. काजळीची परत ठेवली, आवाज आला. मी मुलांना नेहमीचं वाक्य सांगितलं, "नुसत्या उजेडाने आवाज होत नाही रे, चकतीनेही होत नाही. उजेड जिथे शोषला जातो तिथे आवाज होतो."

तिने कानातल्या नळ्या काढल्या नाहीत. थोड्या वेळाने काढल्या आणि म्हणाली, "मामा, आमचं सिमेंट काळं असतं."

मला कळलं नाही. तिने पडवीच्या पायरीवर बसून समजावलं. डोक्यावरची पट्टी ज्या दाताच्या सिमेंटने चिकटवतात त्यात ते कोळशाची पूड मिसळतात, बाहेरचा उजेड आत झिरपू नये म्हणून. कवटीला घट्ट चिकटलेला काळा थर. म्हणजे आमची काजळी. पडदा बंद असताना लेसर खोलीत टकटकतो, ते माणसांना ऐकू येतं. पडदा उघडला की लेसरची प्रत्येक ठिणगी त्या काळ्या थरावरही पडते, आणि तिथे एक बारीक टिचकी वाजते. खोलीतल्या माणसाला ती कळणार नाही. पण उंदराला आपल्यापेक्षा चौपट उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात, साधारण ८० किलोहर्ट्झपर्यंत, आणि ही टिचकी तर त्याच्या स्वतःच्या कवटीवर वाजते. हवेतून जायचीसुद्धा गरज नाही, हाडातून थेट कानात.

सेकंदाला वीस टिचक्या, फुंकरीच्या बरोबर चार सेकंद आधीपासून.

भुलीखालच्या उंदराला याचं काहीच वाटत नाही, म्हणून तिथे आलेख स्वच्छ. जागा उंदीर दचकतो, कान टवकारतो, काही दिवसांनी टिचक्या म्हणजे फुंकर हे शिकतो. आमच्या मांजरीला माशांचा वास येण्याआधी विळी मांडल्याचा आवाज पुरतो, तसंच.

त्याच रात्री तिने आणखी एक गोष्ट शोधली. प्रकाशध्वनीची रेघ पडदा उघडल्यापासूनच सुरू होते, त्याआधी काही मोजलंच जात नाही. डॉपलरची मोजणी मात्र सलग असते. पण दोन्ही आलेख शेजारी शेजारी नीट बसावेत म्हणून तिने डॉपलरची रेघही तिथेच कापली होती. कापलेला तुकडा परत जोडला. पडदा उघडेपर्यंत रेघ सपाट, उघडल्यावर दीड-दोन सेकंदांत चढ सुरू. हे उत्तर तिच्याकडे दोन महिने होतं. ते लॅपटॉपमध्ये डावीकडे कापून पडलं होतं. याचं तिला फार वाईट वाटलं. मला विचाराल तर आलेख सुबक दिसावा म्हणून केलेली काटछाट हाच या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, आणि मी आता माझ्या मुलांना प्रॅक्टिकलच्या वहीत रेघ कापू देत नाही.

परतल्यावर

जूनमध्ये तिने चाचण्या लावल्या आणि रोज रात्री फोनवर सांगत राहिली.

पहिली चाचणी मला सगळ्यात आवडली, कारण ती फक्त या जोडयंत्रानेच होऊ शकते. पडदा पूर्ण बंद ठेवायचा, प्रकाश नाहीच, आणि फुंकरी नुसत्या डॉपलरने मोजायच्या. डोळा मिटून कानाने बघायचं. फुंकरीआधीचा उंचवटा गेला. मग उलट केलं. पडदा नेहमीसारखा उघडायचा पण फुंकरीची नळी मिशांपासून वळवून बाजूला ठेवायची. उंचवटा आला आणि तो दोन्ही बाजूंना होता. डोक्याजवळ उंच पट्टीचा मायक्रोफोन लावला तर पडदा उघडताच टिचक्या नोंदल्या गेल्या. काळ्या थरावर पांढरं, प्रकाश परतवणारं आवरण घातल्यावर त्या बऱ्याच दबल्या.

दबल्या, पण संपल्या नाहीत. ते होणारच, कारण केस, कातडी, खुद्द रक्तही प्रकाश शोषतं आणि आवाज करतं. तो आवाज ऐकायलाच तर यंत्र आहे. तो बंद केला तर चित्रच उरणार नाही. प्रकाश सरळ कानालाही जागवू शकतो. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी २००९ मध्ये हिरव्या लेसरच्या नॅनोसेकंद ठिणग्यांनी गिनीपिगचा आतला कान चेतवून दाखवला होता. आणि अल्ट्रासाउंडही या बाबतीत निर्दोष नाही. अल्ट्रासाउंड मेंदू थेट चेतवतो असं वाटत असताना त्यातला बराचसा परिणाम प्राण्याला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, हे २०१८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं. तिच्या प्रयोगात डॉपलर सतत चालू होता म्हणून तो आवाज प्रत्येक क्षणी सारखाच राहिला, एवढंच.

त्यामुळे तिने आवाज घालवण्याचा नाद सोडला आणि त्यातली बातमी काढून घेतली. प्रकाशाची तीव्रता उतरवून पडदा सत्रभर उघडा ठेवला, म्हणजे टिचक्या कधी सुरू झाल्या यावरून फुंकर कधी येणार हे कळायला नको. फुंकरींमधलं अंतर वीस ते चाळीस सेकंद असं अनियमित केलं. स्पीकरवरून उंच पट्टीचा खरखराट लावला. चेंडूच्या हालचालीवर आणि उंदराच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला आणि उंदीर धावत असतानाचे प्रसंग वेगळे काढले, कारण नुसतं धावण्यानेही मेंदूतलं रक्त वाढतं.

राहिलेला प्रतिसाद लहान होता. फुंकरीनंतर येणारा, एका बाजूचा, मिशांच्या भागातला. आधीच्या देखण्या उंचवट्याच्या मानाने अगदीच साधा. तिने तोच घेतला, आणि वाट बघण्याचा शोध लावल्याचा मसुदा बाजूला ठेवला. मार्गदर्शकांनीही तो आग्रह लगेच सोडला, हे नमूद करायला हवं.

एका उंदराचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. सगळे उपाय करूनही त्याचं रक्त फुंकरीच्या थोडं आधी वाढतं. हवेची झडप उघडताना होणारा खटका फुंकरीच्या आधी पोचत असेल का, म्हणून तिने झडप शेजारच्या खोलीत नेली आहे. लांब नळीतून फुंकर किती उशिरा पोचते हे मोजायचं काम तिने फोनवर माझ्याकडे दिलं, आणि मी ते पावसात घरी बसून, बागेच्या पाइपने आणि मेणबत्तीच्या ज्योतीने, केलं.

हीच गोष्ट माणसात कधी होईल, असं गावातले लोक विचारतात. उंदराची कवटी कागदी लिंबाच्या सालीइतकीसुद्धा जाड नसते, माणसाची करवंटीपेक्षा जाड. प्रकाश आणि ध्वनी दोन्ही तिथे अडतात. वांग यांच्या गटाने माणसाच्या मेंदूची चित्रं घेतली आहेत, पण शस्त्रक्रियेत कवटीचा एक भाग काढलेल्या रुग्णांची.

आता भाची सत्र सुरू करताना पडदा उघडते आणि दहा मिनिटं काहीच करत नाही. टिचक्या चालू, खरखराट चालू, फुंकर नाही. कॅमेऱ्यात बघत बसते. सुरुवातीला उंदराचे कान मागे पडलेले असतात, पाय चेंडूवर ताठ. मग कान हळूहळू पुढे येतात, तो दुधाचा थेंब चाटतो आणि पुढच्या पायांनी मिशा साफ करायला लागतो. मिशा साफ करून झाल्या की ती पहिली फुंकर सोडते.